ड्रॅगनचं अंडं कुणाचं?

क्रिस्टोफर पाओलिनी यांची ‘एरागॉन’ ही ड्रॅगनस्वारांची कादंबरी २००३ साली अमेरिकेत नॉफ या प्रकाशनसंस्थेनं काढली आणि तिच्यावरून वाचकांचे जे दोन तट पडले ते आजतागायत कायम आहेत. एका तटाचं म्हणणं असं की ही उघड उघड उचलेगिरी आहे. कथानक ‘स्टार वॉर्स’चं, एल्फ आणि बुटके टॉलकिनचे, ड्रॅगन ॲन मॅकॅफ्रींचे, जादूची भाषा उर्सुला ले ग्विन यांची, मग पाओलिनींचं स्वतःचं उरलं काय? दुसऱ्या तटातल्या अनेकांनी हे पुस्तक अकराव्या-बाराव्या वर्षी हातात घेतलेलं असतं. सफिरा या निळ्या ड्रॅगनमादीवर त्यांचा जीव जडलेला असतो, आणि ‘हे सगळं आधीच येऊन गेलंय’ असं कुणी म्हटलं की आपल्या वाचनाचाच कुणीतरी अपमान केला असं त्यांना वाटतं. दोन्ही बाजू एकमेकांना उत्तरं देत राहतात, पण वाद पुढे सरकत नाही. याचं कारण माझ्या मते असं की ‘उसनं घेतलं का?’ या प्रश्नापाशीच सगळे थांबतात. त्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असंच आहे आणि ते फारसं उपयोगाचं नाही. नेमकं काय उसनं घेतलं आणि घेतल्यानंतर लेखकानं त्याचं काय केलं, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय किशोरवयीन फँटसीतल्या मौलिकतेबद्दल काही ठरवता येणार नाही. ‘एरागॉन’ आणि तिच्या मागून आलेली ड्रॅगनकथांची रांग या दोन प्रश्नांच्या उजेडात तपासली, तर आरोप पुष्कळसा खरा ठरतो, मात्र भलत्याच ठिकाणी लागू केलेला दिसतो.

वाद इतका तापण्यामागे पुस्तकाच्या जन्मकथेचाही हात आहे. पाओलिनी मोंटाना राज्यातल्या पॅरडाइज व्हॅलीत वाढले, शाळेत न जाता घरीच शिकले, पत्रद्वारा अभ्यासक्रम पूर्ण करून पंधराव्या वर्षी शालेय शिक्षणातून मोकळे झाले आणि त्याच वयात त्यांनी ही कादंबरी लिहायला घेतली. पुस्तक आधी आईवडिलांनी घरच्या प्रकाशनातर्फे छापलं. मुखपृष्ठावरचा ड्रॅगनचा डोळा लेखकानंच काढला होता. मग मध्ययुगीन वेश चढवून हा मुलगा शाळा आणि ग्रंथालयांमधून शंभराहून अधिक कार्यक्रम करत हिंडला. कादंबरीकार कार्ल हायसन यांच्या सावत्र मुलाच्या हाती ती प्रत लागली, हायसन यांनी आपल्या प्रकाशकाला कळवलं आणि पुस्तक नॉफकडे गेलं. ‘एल्डेस्ट’ २००५ साली आलं, ‘ब्रिसिंगर’ २००८ साली, ‘इनहेरिटन्स’ २०११ साली. पुस्तकाभोवती सुरुवातीपासूनच ‘बालप्रतिभा’ हे बिरुद चिकटलं, आणि बिरुद मोठं असलं की तपासणीही कडक होते. घरात बसून लिहिलेलं हेच पुस्तक शंभर-दोनशे ओळखीच्यांपुरतं राहिलं असतं तर कुणी त्याचे धागेदोरे उसवत बसलं नसतं. लाखो प्रती खपल्या म्हणून हिशेब मागितला गेला, आणि तो मागण्यात गैर काही नाही.

आरोपपत्र नीट वाचायला हवं, कारण त्याचे समर्थकही ते पुष्कळदा ढोबळपणे मांडतात. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये काकाच्या शेतावर वाढणारा ल्यूक आहे, एका कैद होऊ घातलेल्या राजकन्येनं शत्रूच्या हाती लागू नये म्हणून दूर धाडलेली मौल्यवान वस्तू त्याच्यापर्यंत येते, साम्राज्याचे शिपाई शेत जाळतात, काका-काकू मारले जातात, शेजारचा विक्षिप्त म्हातारा पूर्वीच्या वीरसंघाचा सभासद निघतो, ल्यूकला त्याच्या वडिलांची तलवार देतो, विद्या शिकवतो आणि वाटेतच मरतो, राजकन्या सोडवली जाते आणि शेवटी बंडखोरांच्या तळाजवळ लढाई होते. ‘एरागॉन’मध्ये मामाच्या शेतावर वाढणारा मुलगा आहे, आर्या नावाच्या एल्फ राजकन्येनं जादूनं दूर पाठवलेलं अंडं आहे, जळलेलं घर आहे, मेलेला मामा आहे. गावातला गोष्टीवेल्हाळ म्हातारा ब्रॉम जुन्या ड्रॅगनस्वारांपैकी एक निघतो, तलवार देतो, विद्या शिकवतो, मरतो. मग तुरुंगातून आर्याची सुटका आणि बंडखोरांच्या डोंगराआतल्या शहरातली लढाई. दुसऱ्या खंडात अज्ञातवासातल्या वृद्ध गुरूकडे शिक्षण, ते अर्धवट टाकून मित्रांच्या मदतीला धाव, आणि रणभूमीवर शत्रुपक्षातल्या योद्ध्यानं फोडलेलं जन्मरहस्य. १९८० च्या ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’चा हा सांगाडा आहे. हे साम्य ओढूनताणून दाखवलेलं नाही. घटना त्याच आहेत, बहुतेक त्याच क्रमानं येतात, आणि कथेतलं त्यांचं कामही तेच आहे.

आता बचावाचा पहिला युक्तिवाद पाहू. तो असा की ‘स्टार वॉर्स’ तरी कुठे आभाळातून पडला? जॉर्ज लुकास यांना आधी ‘फ्लॅश गॉर्डन’ करायचा होता आणि त्याचे हक्क मिळाले नाहीत, कुरोसावा यांच्या १९५८ च्या ‘द हिडन फोर्ट्रेस’चं ऋण त्यांनी मान्य केलेलं आहे, जोसेफ कॅम्पबेल यांच्या १९४९ च्या ग्रंथातला वीरयात्रेचा आराखडा तर त्यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला आहे. टॉलकिन यांनी ‘द हॉबिट’मधल्या बुटक्यांची नावं, गँडाल्फचं नावसुद्धा, जुन्या नॉर्स काव्यातून घेतली. स्मॉग ड्रॅगनच्या खजिन्यातला पेला चोरला जातो तो प्रसंग ‘बेओवुल्फ’मध्ये आहे. हे सारं खरं आहे. पण यावरून निघणारा ‘म्हणजे सगळेच चोर, तर मग एकट्याला का धरता’ हा निष्कर्ष मला मान्य नाही. कुरोसावांच्या चित्रपटातून लुकास यांनी जे घेतलं त्यात दोन क्षुद्र, भांडकुदळ पात्रांच्या नजरेतून मोठी गोष्ट सांगण्याची रीत होती. त्या रीतीतून दोन यंत्रमानव निर्माण झाले, सोळाव्या शतकातल्या जपानचा कुठे मागमूस राहिला नाही. टॉलकिननं नावं घेतली आणि त्यांच्यामागे शतकांचा इतिहास, वंशावळी आणि भाषा उभ्या केल्या. घेणं दोघांनीही केलं, परंतु घेतलेल्या वस्तूचं रूप पालटलं. पाओलिनींच्या पहिल्या खंडात पुष्कळ ठिकाणी ते पालटलेलं नाही, एवढाच मुद्दा आहे आणि तो बचावाच्या या युक्तिवादानं पुसला जात नाही.

दुसरीकडे, फिर्यादी पक्षही एक मोठी गफलत करतो. तो घटक आणि रचना यांची एकत्र मोट बांधतो. ड्रॅगनशी मनानं जोडला जाणारा स्वार, अंड्यातून निघताच पिल्लानं माणूस निवडणं, शब्दांवाचून होणारं संभाषण हे सगळं ॲन मॅकॅफ्री यांच्या पर्न मालिकेतून घेतलं, असं आरोपपत्रात असतं. मालिकेची पहिली कथा १९६७ मध्ये आली आणि तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला, ‘ड्रॅगनफ्लाइट’ ही कादंबरी १९६८ मध्ये आली, आणि हे नातं त्यांनी फार बारकाईनं रंगवलं यात शंका नाही. पण त्यानंतर ते नातं एकट्या मॅकॅफ्रींचं राहिलं नाही. जेन योलेन यांच्या १९८२ च्या ‘ड्रॅगन्स ब्लड’मध्ये एक गुलाम मुलगा पिल्लू चोरून वाळवंटात वाढवतो आणि त्या दोघांतही मनोमन बोलणं होतं. ब्रूस कोव्हिल यांच्या १९९१ च्या मुलांच्या पुस्तकात शाळकरी जेरेमी जादूच्या दुकानातून अंडं घरी आणतो. ‘एरागॉन’ची पहिली ठिणगी त्याच पुस्तकातून पडली असं पाओलिनींनी स्वतः सांगितलं आहे. डेव्हिड एडिंग्ज यांच्या ‘बेलगारियाड’मधला गॅरियन शेतावर वाढतो, त्याच्या सोबतीला गोष्टी सांगणारा म्हातारा जादूगार असतो आणि त्याच्या तळहातावर खूण असते, एरागॉनच्या तळहातावरही पिल्लाच्या स्पर्शानं खूण उमटते. इतक्या जणांच्या हातून गेलेली वस्तू सामाईक मालकीची होते. आपल्याकडे लोककथेतल्या सावत्र आईबद्दल किंवा धाकट्या राजपुत्राबद्दल कुणी मालकी सांगत नाही, तसंच ड्रॅगनच्या अंड्याचं झालं आहे. अंडं घेतलं म्हणून कुणाला दोषी धरलं तर किशोरवयीन ड्रॅगनकथेचं सगळं दालनच बंद करावं लागेल.

या ठिकाणी आपल्या जुन्या साहित्यशास्त्राची मदत घ्यावीशी वाटते, कारण हा प्रश्न त्यानं अधिक शिस्तीनं हाताळला आहे. नवव्या शतकातल्या काश्मीरमध्ये आनंदवर्धनानं ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्द्योतात दोन कवींच्या रचनांमधल्या साम्याचे तीन प्रकार सांगितले. पहिलं साम्य आरशातल्या प्रतिबिंबासारखं, दुसरं चित्रासारखं, आणि तिसरं दोन माणसांच्या चेहऱ्यामोहऱ्यात असतं तसं. प्रतिबिंबाला स्वतःचा जीव नसतो, म्हणून ते टाकावं. चित्राला असतो तो क्षीण, म्हणून तेही टाकावं. तिसऱ्या प्रकारात शरीरं सारखी दिसली तरी आत्मा वेगळा असतो, तेव्हा कवीनं ते साम्य टाळण्याचं कारण नाही. पुढे राजशेखरानं, ज्याच्या पणजोबांना महाराष्ट्राचं भूषण म्हणून गौरवलं गेल्याचं तो नोंदवतो, ‘काव्यमीमांसे’त हरणाची, म्हणजे उसनवारीची, आणखी बारीक वर्गवारी केली आणि चोरीपासून मुक्त असा कवी नसतोच हेही मोकळेपणानं सांगून टाकलं. या परंपरेत ‘साम्य आहे का’ हा प्रश्न शेवटचा नसून पहिला असतो. आणि मराठीपुरतं बोलायचं तर ज्ञानेश्वरी ही एका सर्वपरिचित ग्रंथावरची टीका आहे, तिचा क्रम गीतेचा आहे, संवाद गीतेतला आहे. तिच्या नवेपणाबद्दल मात्र सातशे वर्षांत कुणाला शंका आलेली नाही. ही मापं तेराव्या शतकातल्या महाग्रंथाला लावायची आणि मुलांच्या पुस्तकाला लावताना संकोचायचं, असं करण्याचं कारण नाही. उलट मुलांच्या पुस्तकाला ती लावणं हा त्या पुस्तकाचा आणि मुलांचा मान आहे.

ही कसोटी लावली तर ‘एरागॉन’चा पहिला खंड एका जातीचा ठरतच नाही. घटनांचा क्रम चित्रासारखा आहे, म्हणजे ओळखू येणारी नक्कल, वर वेगळा रंग. कथा घडते त्या अलगेशियाचा भूगोल, नावं आणि वंश यांतही पुष्कळ जागी टॉलकिनची छाया इतकी दाट आहे की बुटक्यांच्या शहरातल्या महाकाय नीलमण्याच्या नावात ‘मिथ्रिम’ येतं, आणि ते टॉलकिनच्या नकाशावरचं नाव आहे. परंतु सुरुवातीलाच एक प्रसंग आहे त्याकडे आरोप करणारे क्वचितच पाहतात. स्पाइन नावाच्या बदनाम डोंगररांगेत शिकार साधत नाही आणि एरागॉनच्या हाती एक गुळगुळीत निळा दगड लागतो, तेच ते अंडं. घरी हिवाळ्याची बेगमी नाही, म्हणून तो दगड घेऊन मुलगा तडक खाटकाकडे जातो आणि त्याच्या बदल्यात मांस मागतो. खाटीक स्लोन सौदा करायला निघतो, पण दगड स्पाइनमधला आहे हे कळताच तो भडकतो आणि देवघेव नाकारतो, कारण त्याची बायको त्याच डोंगरात गेलेली असते. शेवटी होर्स्ट लोहार पदरचे पैसे टाकून मांस देववतो. ज्या वस्तूसाठी साम्राज्यं लढतात ती मूठभर मांसासाठी विकायला काढलेली, आणि तिला गिऱ्हाईक नाही! ल्यूकच्या वाळवंटी शेतावर टंचाई आहे, पण अशी भूक नाही. गावातली उधारी, खाटकाचा जुना घाव, लोहाराचा भलेपणा हे सगळं त्या एका दुकानात घडतं आणि त्याला कुठल्याही चित्रपटाचा आधार लागत नाही. पंधरा वर्षांच्या मुलानं हे लिहिलं म्हणून ते चांगलं नाही. ते चांगलं आहे आणि ते पंधरा वर्षांच्या मुलानं लिहिलं, असा क्रम लावायला हवा.

याहून ठोस उदाहरण एल्वाचं आहे. खरं नाव उच्चारलं की वस्तूवर ताबा मिळतो आणि त्या प्राचीन भाषेत माणसाला खोटं बोलता येत नाही, ही कल्पना ले ग्विन यांच्या १९६८ च्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’मध्ये आहे. पाओलिनींनी ती जवळपास जशीच्या तशी घेतली. पण मग त्यांनी तिला एक प्रश्न विचारला जो तिथे असा विचारलेला नव्हता: या भाषेत चूक झाली तर? पहिल्या खंडात एरागॉन एका तान्ह्या मुलीला, म्हणजेच एल्वाला, आशीर्वाद देतो. दुसऱ्या खंडात कळतं की व्याकरणाच्या चुकीमुळे ‘दुर्दैवापासून तुझं रक्षण होवो’ऐवजी ‘तू इतरांची ढाल हो’ अशा अर्थाचं काहीतरी तो बोलून गेला आहे. ती मुलगी आजूबाजूच्या प्रत्येकाचं येऊ घातलेलं दुःख अंगावर घेत झपाट्यानं मोठी होते, लहान शरीरात प्रौढाचं मन घेऊन वावरते, आणि नायकाच्या चांगुलपणाचा हा परिणाम त्याच्यासमोर येऊन उभा राहतो. पुढे एरागॉन तो शाप उतरवायला जातो तेव्हा ती सक्ती तेवढी जाऊ देते, शक्ती मात्र स्वतःच्या मर्जीनं ठेवते, आणि तो सांगेल तशी ती वापरायला तयार होत नाही. उसन्या कल्पनेला परिणाम भोगायला लावणं म्हणजे काय हे इथे दिसतं. ले ग्विन यांची भाषा नसती तर एल्वा नसती; पण एल्वा ले ग्विन यांची नाही. आनंदवर्धनाच्या तिसऱ्या प्रकारात मी तिला बिनदिक्कत बसवेन.

मालिका पुढे सरकते तसं हे प्रमाण बदलत जातं, आणि पहिल्या खंडावरच शिक्का मारून थांबलेल्या वाचकांपर्यंत ही गोष्ट पोचत नाही. ‘एल्डेस्ट’मधली रोरानची प्रकरणं पाहा. एरागॉनचा हा मामेभाऊ जादू जाणत नाही, त्याच्याकडे ड्रॅगन नाही, हातात एक हातोडा आहे. साम्राज्याचे शिपाई गावाला वेढतात तेव्हा तो अख्खं कार्व्हाहॉल उठवून डोंगरापलीकडे नेतो. पोरंबाळं, म्हातारी माणसं, मागे राहिलेली शेतं, वाटेत पडणारी माणसं; राजपुत्र नसलेल्या लोकांची ही फरपट ‘स्टार वॉर्स’मध्ये नाही आणि टॉलकिनमध्येही या लांबीनं नाही. शत्रुपक्षातला योद्धा मर्टॅग यानं रणभूमीवर सांगितलेलं पितृत्व तिसऱ्या खंडात अर्धवट सत्य ठरतं आणि खरा बाप दुसराच निघतो. लेखकाला आपल्यावरचं ऋण जाणवलं आणि त्यानं ते वळवून घेतलं, असं इथे म्हणायला जागा आहे. शेवटच्या खंडात साम्राज्याचा राजा गॅल्बटोरिक्स तलवारीनं मरत नाही. आपण इतरांना काय भोगायला लावलं ते त्याला स्वतःला जाणवावं, अशी नि:शब्द जादू एरागॉन करतो आणि ते सहन न होऊन राजा स्वतःच स्वतःला संपवतो. त्यानंतर आर्या आणि एरागॉन एकत्र येत नाहीत. ती राणी होते, तो देश सोडून जातो. या शेवटावर अनेक वाचक नाराज झाले. माझ्या दृष्टीनं ती नाराजी मालिकेच्या बाजूचा पुरावा आहे, कारण साच्यातून निघालेला शेवट कुणाला नाराज करत नाही.

आता वयाचा आक्षेप. ‘लेखक पोरगेलासा होता, त्याला मोठ्यांच्या फूटपट्टीनं काय मोजता?’ असं पुष्कळ जण म्हणतात. नक्कल करत करतच लिहायला शिकतात हे कबूल. पण वाचकाच्या हातात पडतं ते पुस्तक. पुस्तक विकत घेणाऱ्या मुलाला लेखकाच्या वयाची सूट किमतीत मिळत नाही. शिवाय ही सूट दिली की एल्वा किंवा खाटकाचा प्रसंग यांचंही कौतुक ‘वयाच्या मानानं’ होऊन बसतं. न्यूयॉर्क टाइम्समधल्या सुरुवातीच्या परीक्षणानं वर्णनांतली गुळगुळीत भाषा आणि सिनेमाछाप संवाद दोष म्हणून दाखवले आणि तरीही या पुस्तकातली प्रतिभा खरी आहे असा निर्वाळा दिला. ती भूमिका मला न्याय्य वाटते. त्या परीक्षणानं एक दुर्लक्षित बाजूही पुढे आणली. उसनेपणा कथानकात शोधला जातो, वाक्यांत शोधला जात नाही. पहिल्या खंडातली झोंबरी थंडी, धगधगते डोळे, गर्द अंधार ही हजारदा वापरलेली विशेषणं कुणा एकाकडून घेतलेली नाहीत, म्हणून आरोपपत्रात येत नाहीत. वाचकाच्या कल्पनाशक्तीला बसणारी त्यांची झीज मात्र कथानकाच्या साम्याहून जास्त आहे. सफिराच्या नजरेतून सांगितलेली ‘ब्रिसिंगर’मधली प्रकरणं या बाबतीत मोठी झेप आहेत. तिथे जग ड्रॅगनच्या शब्दांत दिसतं, शब्दांना शब्द जोडून केलेली नावं वस्तूंना नव्यानं चिकटतात, आणि लेखकाच्या भाषेला पहिल्यांदाच स्वतःचा आवाज फुटतो.

याहून अवघड आक्षेप बालवाचकाच्या बाजूनं येतो. बारा वर्षांच्या मुलानं ‘स्टार वॉर्स’ पाहिलेला नाही, पर्न वाचलेलं नाही. त्याच्या लेखी सगळंच नवं. मग त्याच्यासाठी ते पुस्तक मौलिक नाही का? आपल्याकडे इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलांना तर ड्रॅगनस्वार आधी आणि मॅकॅफ्री नंतर, तेही झाल्या तर, भेटतात. या वाचकाचा आनंद पूर्णपणे खरा आहे आणि तो हिरावून घेण्याचा अधिकार कुणाला नाही. पण तो आनंद वाचकाच्या वाचनक्रमाबद्दल सांगतो, पुस्तकाच्या घडणीबद्दल सांगत नाही. शिवाय हा युक्तिवाद मुलांना कमी लेखतो असं मला वाटतं. मुलं फार लवकर साचे ओळखतात. चौथ्या-पाचव्या पुस्तकात म्हातारा गुरू दिसला की तो मरणार हे त्यांना ठाऊक असतं. डायना विन जोन्स यांनी १९९६ साली ‘द टफ गाइड टु फँटसीलँड’ नावाचा आख्खा कोशच या साच्यांवर रचला, आणि त्याची गंमत कळायला विद्वत्ता लागत नाही, वाचनाची सवय पुरते. ज्या वयात वाचक घडतो त्या वयासाठी ‘त्यांना काय कळतंय’ या हिशेबानं पुस्तकं निघू लागली तर नुकसान त्यांचंच होईल. हा वाद ‘एरागॉन’च्या आधीही झाला होता. १९७७ साली टेरी ब्रुक्स यांच्या ‘द सोर्ड ऑफ शॅनारा’वर टॉलकिनच्या नकलेचा असाच आरोप झाला, पुस्तक तरीही तुफान खपलं, आणि खपाकडे बोट दाखवून आरोप निकालात काढला गेला. खप म्हणजे भूक होती याचा पुरावा. ताटात काय वाढलं याचा नाही.

घटक सामाईक ठेवूनही काय करता येतं हे पाहायचं असेल तर २०१२ साली आलेली दोन पुस्तकं पुरेशी आहेत. रेचल हार्टमन यांच्या ‘सेराफिना’त ड्रॅगन माणसाचं रूप घेऊन माणसांत राहतात. ते गणिती बुद्धीचे आहेत, भावना त्यांना रोगासारख्या वाटतात, आणि माणसाच्या देहात राहून कुणी ड्रॅगन हळवा झाला तर त्याच्या आठवणी छाटून टाकल्या जातात. नायिका सेराफिना संगीतकार आहे, अर्धी ड्रॅगन आहे, आणि तिला संगीत शिकवणारा ऑर्मा हा तिचा ड्रॅगन मामा. आपल्या भाचीवर आपली माया जडली आहे हे कबूल करणं या मामासाठी जिवावरचं संकट आहे. तुई सदरलँड यांची ‘विंग्ज ऑफ फायर’ ही मालिका आणखी लहान मुलांची. तिच्यात सगळी गोष्ट ड्रॅगनांच्या नजरेतून येते, माणसं ही किरकोळ उचल्या प्राण्यांसारखी कडेला वावरतात. भाकितानं निवडलेली पाच पिल्लं युद्ध थांबवणार, हा साचा तर किती जुना! पण चौथ्या पुस्तकात ते भाकीतच बनावट निघतं. आता त्या पिल्लांनी काय करायचं? कुणीही नेमलेलं नसताना युद्ध थांबवायला जायचं की नाही? आठ-दहा वर्षांच्या वाचकापुढे हा प्रश्न ठेवणाऱ्या लेखिकेनं नवा घटक एकही आणलेला नाही.

२०२३ साली वाद पुन्हा भडकला तो रिबेका यारोस यांच्या ‘फोर्थ विंग’वरून. ही कादंबरी प्रौढांसाठी आहे, पण ‘एरागॉन’ वाचून वाढलेली पिढी तिच्या वाचकांत मोठ्या संख्येनं असावी असा अंदाज तिच्याबद्दलच्या चर्चेवरून सहज बांधता येतो. युद्धविद्यालय, जीवघेण्या परीक्षा, स्वार निवडणारे ड्रॅगन, शत्रुपक्षातला प्रियकर. आरोपांची यादी पुन्हा तशीच निघाली आणि उत्तरंही तशीच आली. त्याच वर्षी मोनिक्विल ब्लॅकगूस यांची ‘टू शेप अ ड्रॅगन्स ब्रेथ’ आली. तिच्यातही अंडं आहे, पिल्लानं केलेली निवड आहे, ड्रॅगनविद्येची शाळा आहे. घटकांच्या यादीत ती ‘फोर्थ विंग’हून वेगळी काढणं कठीण. पण अंडं सापडणारी अनेक्वस ही एका बेटावरची मूलनिवासी मुलगी आहे. तिच्या लोकांत पिढ्यान्‌पिढ्या ड्रॅगन दिसलेला नाही, आणि मुख्य भूमीवरच्या अँग्लिश राज्यकर्त्यांचा कायदा असा की त्यांच्या शाळेत शिकून परवाना घेतला नाही तर पिल्लू मारलं जाईल. त्यामुळे शाळेत जाणं हे इथे स्वप्न पूर्ण होणं राहत नाही. वर्गातलं ड्रॅगनच्या श्वासाचं रसायन, जेवणाच्या टेबलावरचे रीतिरिवाज, नाचाचे धडे, हे सगळं तिला आपल्या लोकांच्या ज्ञानाशी पडताळून पाहावं लागतं, आणि पुष्कळदा ती राज्यकर्त्यांची रीत नाकारते. या कादंबरीला किशोरवयीन फँटसीसाठी दिले जाणारे आंद्रे नॉर्टन आणि लोडस्टार हे दोन्ही पुरस्कार मिळाले. एरागॉनच्या हाती अंडं येतं तेव्हा त्याच्या निवडलेपणावर कथा उभी राहते. अनेक्वसच्या हाती ते येतं तेव्हा निवडलेल्या मुलीवर हक्क कुणी सांगायचा, तिच्या लोकांनी की परवाना देणाऱ्यांनी, हे कथेला ठरवावं लागतं, आणि पिल्लू वाढत असताना ते प्रकरणागणिक पुन्हा ठरवावं लागतं.